पाच हजार खोडं, झाड एकच

मागच्या महिन्यात मावसभावाचा व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला, जळगाव जिल्ह्यातल्या फैजपूरकडच्या केळीच्या बागेतला. एका झाडाची खालची पानं कडेकडेनं पिवळी पडून खोडाला लटकलेली आणि खाली मेसेज, "हे पाय बरं भो, पनामा तं नही ना?"

पनामा म्हणजे मर रोग. फ्युजारियम नावाची मातीतली बुरशी मुळातून आत शिरते, झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्या चोंदतात, आणि मग ठिबक चालू असूनही झाड तहानेनं मरतं. औषध नाही. एकदा शेतात आली की मातीत वर्षानुवर्षं बसून राहते. तुमच्या-आमच्या आजोबांच्या काळात जगाच्या बाजारात ग्रो मिशेल नावाची केळी चालायची, ती या रोगानं बाजारातून उठवली आणि १९६० च्या आसपास तिची जागा कॅव्हेंडिश गटानं घेतली, कारण कॅव्हेंडिशला तेव्हाची बुरशी काही करू शकत नव्हती. आता टीआर४ नावाचा तिचा नवा प्रकार आलाय आणि तो कॅव्हेंडिशलाही सोडत नाही. २०१९ मध्ये तो कोलंबियात पोचला, आपल्याकडे बिहार आणि उत्तर प्रदेशात सापडलेला आहे. आणि रावेर-यावलमध्ये आपण लावतो ती ग्रँड नैन कॅव्हेंडिशच की. (नाव फ्रेंच आहे, अर्थ 'मोठी बुटकी', बाकी शोभतं तिला.)

भविष्यातलं तंत्रज्ञान म्हटलं की यूट्यूबवर उडणाऱ्या गाड्या आणि माणसासारखे रोबो दाखवतात. मला विचाराल तर खान्देशाचं भविष्य पेशीएवढ्या जागेत ठरणार आहे, आणि त्याची सुरुवात झाली ती आपल्याच डोळ्यासमोर. नव्वदच्या दशकात जळगावात टिश्यू कल्चरची रोपं आली तेव्हा लोक हसले होते, बाटलीतली केळी म्हणून. कंद लावून पिकाला अठरा महिने थांबणारा माणूस, त्याला कोणी सांगतंय की हे बोटभर रोप घे, अकरा-बारा महिन्यांत घड काप. आज पिशवीतल्या टिश्यू कल्चर रोपांच्या बागा गावोगाव दिसतात.

पण टिश्यू कल्चर म्हणजे झेरॉक्स. एका चांगल्या झाडाचा कोंब घ्यायचा, साखर, क्षार आणि हार्मोन असलेल्या जेलीत वाढवायचा, त्याचे दोन, चार, आठ करत जायचे. पाच हजार खोडांची बाग म्हणजे खरं तर एकच झाड पाच हजार वेळा उभं. एकाला जे मारेल ते सगळ्यांना मारेल. आणि मूळ झाडात व्हायरस असला तर झेरॉक्समध्ये तोही छापून येतो, म्हणून रोपं घेताना व्हायरस तपासणीचा कागद मागा, लाजू नका. मावसभावानं एका वर्षी मागितला नव्हता. बागेत सीएमव्ही नावाचा व्हायरस निघाला, आता तो रोपातून आला की मावा किडीनं आणला हे कोण सांगणार, पण पानावर पिवळे-हिरवे पट्टे आलेली चारशे रोपं त्यानं स्वतःच्या हातानं उपटली, आणि रोपं देणारा फोन उचलेना.

मग केळीची नवी जात का नाही काढत, गव्हा-ज्वारीसारखी? कारण बी नाही. गुणसूत्रांचे दोन संच असले की बी धरताना निम्मे-निम्मे वाटता येतात, केळीत तीन संच आहेत, अकरा त्रिक तेहेतीस, आणि तीनाचे सरळ दोन भाग होत नाहीत. आपल्याला बिनबियांची खायला मिळते ती या वांझपणामुळंच.

इथं क्रिस्पर येतं, म्हणजे डीएनए नेमक्या जागी कापून बदलायचं तंत्र. ही युक्ती माणसाची नाहीच, बॅक्टेरियाची आहे, दह्यातल्यासुद्धा. उधारी बुडवणाऱ्याचं नाव दुकानदार वहीत लिहून ठेवतो तसा बॅक्टेरिया हल्ला करून गेलेल्या व्हायरसच्या डीएनएचा तुकडा स्वतःच्या डीएनएत लावून ठेवतो, पुन्हा तोच आला की वही बघून कॅस नावाचं प्रोटीन त्याला नेमक्या जागी कापतं. २०१२ मध्ये जेनिफर डाउडना आणि इमॅन्युएल शार्पेंटिए या शास्त्रज्ञांनी दाखवलं की वहीतलं नाव आपण लिहायचं, म्हणजे डीएनएत पाहिजे तिथं कापता येतं. २०२० चं नोबेल त्यालाच. त्याच वर्षी मोहालीच्या संशोधकांनी क्रिस्परनं एक जीन बंद करून केळीच्या गरात बीटा कॅरोटीन (ज्यापासून शरीर व्हिटॅमिन ए बनवतं) सहापटीपर्यंत वाढवलं, आणि केळी कोणती? ग्रँड नैनच.

पण केळीची गोची पुन्हा तीच. भातात डीएनए कापायची ही यंत्रणा झाडाच्याच डीएनएत घालतात, काम झालं की पुढच्या पिढीत काही रोपांत ती आपोआप गळून जाते, तेवढी निवडून घ्यायची. आपल्या सरकारनं २०२२ मध्ये काही प्रकारच्या एडिटेड, म्हणजे क्रिस्परसारख्या तंत्रानं डीएनए बदललेल्या पिकांना जीएमच्या, म्हणजे बाहेरचा जीन घातलेल्या पिकांच्या कडक नियमांतून सूट दिली ती बाहेरचं डीएनए शिल्लक नसेल तरच, आणि २०२५ मध्ये भाताच्या दोन एडिटेड जाती जाहीर झाल्या. केळीत पुढची पिढीच नाही! घातलं ते राहिलं. म्हणून आता पेशीची भिंत विरघळवून तयार कॅस प्रोटीनच आत सोडायचं आणि त्या उघड्या एका पेशीतून अख्खं झाड उभं करायचं असे प्रयोग चालू आहेत, जे ऐकायला सोपं आणि करायला महाकठीण काम आहे.

ऑस्ट्रेलियानं सरळ जीएमचा रस्ता धरला. क्वीन्सलँडच्या जेम्स डेल यांच्या टीमनं जंगली केळीतला आरजीए२ हा जीन कॅव्हेंडिशमध्ये घातला, टीआर४ असलेल्या जमिनीत वर्षानुवर्षं लावून बघितली, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तिला परवानगी मिळाली. गंमत म्हणजे हा जीन आपल्या कॅव्हेंडिशमध्येही आहे, फक्त जवळजवळ झोपलेला. त्याला क्रिस्परनं जागं करता आलं तर बाहेरून काही आणायची गरजच नाही, आणि ते लोक आता त्याच्याच मागे आहेत.

मला यात भीती वाटते ती एकाच गोष्टीची. कापसाचं आपण बघितलंय. २००२ ला बोंडअळीला मारणारा जीन घातलेलं बीटी आलं, सगळ्यांनी तेच लावलं, आणि गुलाबी बोंडअळी शेवटी ते पचवून बसली. एका जीनवर सगळी बाग टेकवली तर बुरशीलाही तेवढंच एक कुलूप उघडायचं आहे.

असो, रविवारी मी गेलो बागेत. भाऊ विळा घेऊन तयारच होता, झाड आडवं केलं, कंद मधोमध चिरला. मर असली की आत लालसर-तपकिरी रेघा दिसतात. आम्ही दोघं वाकून बघतोय, गर पांढरा स्वच्छ, आणि एका बाजूला भोकं पडलेली, भोकात अळी. सोंडकिडा. भाऊ मटकन बांधावर बसला आणि म्हणाला, "हाय, एवढंच व्हय!" पण उठताना त्यानं विळा तसाच म्यानात घातला नाही, ठिबकच्या पाण्याखाली धरून धुतला आणि मग बाटलीतलं सॅनिटायझर त्यावर ओतलं.