विदा-दृश्यांकन, ब्राउझरमधील

अतिप्रचंड वैज्ञानिक विदा (रोजच्या बोलण्यातला ‘डेटा’) नकाशा, आलेख किंवा त्रिमितीय चित्राच्या रूपात ब्राउझरमध्येच उघडून ती सरकवण्याची, लहान-मोठी करण्याची आणि चाळण्याची सोय. २०११ मध्ये वेबजीएल हे मानक आले, ब्राउझरला ग्राफिक्स चिप वापरता येऊ लागली आणि लाखो बिंदू पडद्यावर हलते ठेवणे जमू लागले.

सगळी विदा वाचकाकडे धाडत नाहीत. नकाशाचे सहसा २५६ × २५६ पिक्सेलचे तुकडे (टाइल) करतात. झूमच्या शून्य पातळीवर सारे जग एका तुकड्यात मावते. पुढे दर पातळीला तुकडे चौपट होतात आणि दहाव्या पातळीला साडेदहा लाखांच्या घरात जातात. कराडचा प्रीतिसंगम (कृष्णा-कोयनेचा संगम) पाहणाऱ्याला त्यातले पडद्यापुरते मोजकेच येतात.

खरी कसोटी आहे ती काय गाळायचे याची. कोयना परिसर ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाने हादरला आणि तिथे आजही धक्के बसतात. भूकंपमापकाने सेकंदाला १०० नोंदी घेतल्या, तर वर्षाला सुमारे ३१५ कोटी नोंदी होतात. पडदा मात्र जेमतेम २,००० पिक्सेल रुंद. म्हणजे एका उभ्या रेघेच्या वाट्याला पावणेसोळा लाख नोंदी, जवळजवळ साडेचार तासांच्या. त्यांची सरासरी काढली की धक्का पुसलाच जातो, कारण लाट शून्याच्या वर-खाली सारखीच झुलते. म्हणून दर रेघेसाठी सर्वांत लहान आणि सर्वांत मोठी अशा दोन्ही नोंदी राखतात. काही सेकंदांचा धक्काही मग वर्षभराच्या आलेखात उंच रेघ होऊन उठून दिसतो. तिथे झूम केले की त्या मिनिटांच्या मूळ नोंदी मागवल्या जातात. ही काळजी न घेतलेला आलेख कितीही देखणा असला तरी निरुपयोगी.

एककही वाचकाचे हवे. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पातळी मोजतात आणि ‘आयर्विनला पाणी किती फुटांवर?’ असेच विचारतात. तिथला आलेख मीटरमध्ये काढून ४० फुटांची इशारा पातळी आणि ४५ फुटांची धोका पातळी दाखवली नाही, तर पुराच्या रात्री तो कुणाच्या कामाचा?

रंगांचेही तसेच. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिमीच्या वर पाऊस पडतो, त्याच सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात ५०० च्या आसपास. समान टप्प्यांची रंगपट्टी लावली की माण आणि शेजारचा खटाव तालुका एकाच फिक्या रंगात बुडतात. लघुगणकीय पट्टीवर (जिथे दर टप्पा आधीच्याच्या ठरावीक पट असतो) कमी पावसाच्या टोकाला जास्त छटा येतात आणि खटावातले वडूज आणि माणमधले म्हसवड यांच्या पावसातला फरकही नजरेला पडतो.