डेअरडेव्हिलचे कान आणि नववीचं पुस्तक

नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात ध्वनीच्या धड्यावर एक हमखास प्रश्न असतो. प्रतिध्वनी वेगळा ऐकू यायला भिंत कमीत कमी किती लांब हवी? उत्तर सगळ्यांना पाठ असतं: १७.२ मीटर. कारणही पाठ असतं. ऐकलेल्या आवाजाचा ठसा मेंदूत ०.१ सेकंद टिकतो, २२ अंश तापमानाला ध्वनी सेकंदाला ३४४ मीटर जातो, म्हणजे तेवढ्या वेळात ३४.४ मीटर. जाऊन यायचं असल्यामुळे निम्मं. झालं, दोन गुण खिशात.

आणि मग 'डेअरडेव्हिल' ही मालिका बघायला बसावं. न्यूयॉर्कच्या हेल्स किचन भागातला मॅट मर्डॉक हा अंध वकील दिवसा कोर्टात उभा राहतो आणि रात्री चेहऱ्यावर काळं फडकं बांधून गुंडांना बडवतो. नऊ वर्षांचा असताना एका अपघातात डोळ्यांत रसायन गेलं, दृष्टी गेली आणि बाकीची इंद्रियं अफाट तल्लख झाली, अशी ही गोष्ट. स्टॅन ली आणि बिल एव्हरेट यांनी १९६४ मध्ये मार्व्हलच्या कॉमिक्समध्ये त्याला जन्म दिला. नेटफ्लिक्सने २०१५ ते २०१८ या काळात त्याचे तीन सीझन केले आणि २०२५ मध्ये तो डिस्ने प्लसवर परतला, चार्ली कॉक्सलाच घेऊन. हा माणूस भिंतीपासून हातभर अंतरावर बरोबर वळतो, दाराची चौकट हुकवत नाही. हातभर म्हणजे अर्धा मीटर. १७.२ मीटरचं काय झालं?

बहुतेक प्रेक्षक म्हणतात, सोडा हो, कॉमिक्स आहे. आणि त्याच दमात असंही म्हणतात की डोळे गेले की कान तीक्ष्ण होतात हे मात्र खरं, देव एक काढून घेतो तेव्हा दुसरं देतो. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. भिंत कानांनी ओळखणं ही या मालिकेतली सर्वांत खरी गोष्ट आहे. तीक्ष्ण कानांची गोष्ट सर्वांत खोटी.

पुस्तक चूक नाही. १७.२ मीटर ही अट प्रतिध्वनी 'वेगळा' ऐकू येण्याची आहे. भिंत त्यापेक्षा जवळ असली म्हणून ध्वनी परतायचा थांबत नाही. तो लवकर परततो आणि मूळ आवाजात मिसळून जातो. मेंदू दोन्ही मिळून एकच आवाज समजतो, आणि तो जिथून आधी आला तिथेच उगम आहे असं ठरवतो. हे सोयीचंच आहे. नाहीतर चार भिंतींच्या खोलीत कोणाचंही बोलणं ऐकताना माणूस नक्की कुठे बसलाय ते कळलं नसतं. पण मिसळलेला आवाज मूळ आवाजासारखा राहत नाही, त्याचा पोत बदलतो. लोकलच्या खिडकीशी बसून डोळे मिटा. गाडी खांबांजवळून जाते तेव्हा प्रत्येक खांबाला 'सप्' असा आवाज येतो, स्टेशनची भिंत सुरू झाली की सगळा खडखडाट अचानक जवळ येतो, आणि पूल लागला की तळच सुटल्यासारखा होतो. खांब काही बोलत नाही. गाडीचाच आवाज तो परत पाठवतो, दीड-दोन मीटरवरून.

हा पोत बदलतो कसा, हे मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत आवडतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. एक जेवणाचं ताट घ्या आणि तोंडासमोर हातभर धरा. 'शऽऽऽ' असा सलग आवाज काढत ताट हळूहळू ओठांजवळ आणा, मग लांब न्या. 'श' तोच असतो, पण त्यात एक सूर वर चढताना आणि खाली उतरताना ऐकू येतो. 'श' हा गोंगाट आहे, त्यात असंख्य वारंवारितांचा कल्लोळ असतो. समजा, भिंत एक मीटरवर आहे. परतलेला ध्वनी दोन मीटर जास्त चाललाय, म्हणून तो ५.८ मिलिसेकंद उशिरा पोचतो. ज्या वारंवारितेला या वेळात बरोबर एक कंपन पुरं होतं, तिथे मूळ आणि परतलेला ध्वनी पावलाला पाऊल लावून चालतात आणि आवाज वाढतो. ही वारंवारिता ३४४ भागिले २, म्हणजे १७२ हर्ट्झ. तिच्या पटीत, ३४४, ५१६, ६८८ हर्ट्झलाही तेच. आणि अधल्यामधल्या ८६, २५८, ४३० हर्ट्झला मात्र एकाचा चढ दुसऱ्याच्या उतारावर येतो आणि आवाज पडतो. आलेख काढला तर कंगव्याचे दात दिसतात. कानाला या समान अंतरावरच्या दातांमधून १७२ हर्ट्झचा पुसटसा सूर जाणवतो. अर्धा मीटरवर गेलात की तो ३४४ हर्ट्झ होतो, संगीताच्या भाषेत बरोबर एक सप्तक वर. पाव मीटरवर आणखी एक सप्तक. म्हणजे चालत्या माणसाला भिंतीचं अंतर मिलिसेकंदांत मोजावं लागतच नाही. पायांच्या, कपड्यांच्या, काठीच्या आवाजात दडलेला सूर चढत जातो आणि जितका तो चढेल तितकी भिंत जवळ.

ख्रिस्तियान हायगेन्सला हे १६९३ पर्यंत कळलं होतं, आणि तेसुद्धा बागेत. पॅरिसजवळ शांतीयीच्या राजवाड्यात कारंजं आणि दगडी जिना यांच्यामध्ये उभं राहिलं की पाण्याच्या खळखळाटात एक ठरावीक सूर ऐकू येतो, हे त्याच्या लक्षात आलं. त्याने तर्क केला की प्रत्येक पायरी थोड्या थोड्या उशिराने आवाज परत करते. मग पायरीच्या रुंदीएवढ्या लांबीची कागदाची नळी करून फुंकली. सूर तोच! हा माणूस प्रकाशाच्या तरंग-सिद्धान्तासाठी पुस्तकात येतो. कागदाची नळी फुंकणारा हायगेन्स पुस्तकात का येत नाही कोण जाणे.

अंध माणसांना मात्र हे कळत असूनही 'कशाने' कळतं ते सांगता येत नव्हतं. बरेच जण म्हणत की भिंत जवळ आली की चेहऱ्यावर हलका दाब जाणवतो. म्हणून विद्वानांनीही याला 'चेहऱ्याची दृष्टी' असं नाव देऊन टाकलं होतं. कॉर्नेल विद्यापीठात कार्ल डॅलनबाख आणि त्याचे विद्यार्थी मायकेल सुपा व मिल्टन कोट्झिन यांनी १९४४ मध्ये हा वाद निकाली काढला. सुपा स्वतः अंध होता. चेहरा जाड फेल्टने झाकला तरी लोक अडथळ्यापाशी थांबत. कान बुजवले की जाऊन आदळत. शेवटचा प्रयोग तर झकासच. माणसाला ध्वनिरोधक खोलीत बसवलं, दुसऱ्या खोलीत प्रयोग करणारा मायक्रोफोन घेऊन अडथळ्याकडे चालत गेला आणि त्याच्या पावलांचा आवाज हेडफोनमधून ऐकवला. बसलेल्या माणसाने अडथळा कधी आला ते सांगितलं! चेहरा तिकडे नव्हताच, त्यामुळे दाब वगैरे प्रश्नच मिटला. या प्रयोगांमध्ये डोळे बांधलेली डोळस माणसंही होती आणि सरावाने तीही शिकली. म्हणजे रसायनाचं पिंप अंगावर सांडायची गरज नव्हती.

आजच्या काळात या विद्येतलं सर्वांत परिचित नाव म्हणजे अमेरिकेचा डॅनियल किश. रेटिनोब्लास्टोमा या कर्करोगामुळे तेराव्या महिन्यापर्यंत त्याचे दोन्ही डोळे काढावे लागले. तो जिभेने टाळूवर 'टक्' करतो आणि परतणाऱ्या आवाजावरून वाट काढतो, सायकलसुद्धा चालवतो. ब्रिटनमधल्या डरहम विद्यापीठाच्या लोर थेलर यांनी अशा तज्ज्ञांच्या 'टक्'ची मोजमापं घेतली. एक 'टक्' जेमतेम ३ मिलिसेकंदांची असते, तिची बहुतेक ऊर्जा २ ते ४ किलोहर्ट्झमध्ये आणि थोडी १० किलोहर्ट्झच्या आसपास. तुकडा इतका छोटा, की भिंत मीटरभर जरी लांब असली तरी परतीचा आवाज यायच्या आत 'टक्' संपलेली असते.

थेलर, स्टीफन आर्नॉट आणि मेल गुडेल यांनी २०११ मध्ये दोन अंध तज्ज्ञांना एमआरआय यंत्रात असे आवाज ऐकवले, एकदा प्रतिध्वनीसह आणि एकदा प्रतिध्वनी काढून. श्रवणाच्या भागात दोन्ही वेळा सारखीच हालचाल. फरक दिसला तो मेंदूच्या मागच्या बाजूला, डोळस माणसात जो भाग पाहण्याचं काम करतो तिथे. आणि हे काम कवटीच्या आत, मेंदूत होतं, कानांत नाही. यंत्रावर मोजलं तर अंध माणसांना सरसकट हळू आवाज जास्त ऐकू येतात असं निघत नाही.

मॅट मर्डॉकसारखे कान करायचे म्हटलं तरी निसर्गाने फार जागा ठेवलेली नाही. निरोगी तरुण कान २० मायक्रोपास्कल इतका सूक्ष्म दाब पकडतो. याहून बराच संवेदनशील कान बनवला तर हवेचे रेणू कर्णपटलावर आपटतात त्याचीच सळसळ ऐकू यायला लागेल.

दुसरी अडचण तरंगलांबीची. ३ किलोहर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी साडेअकरा सेंटिमीटर भरते. वस्तू त्याहून खूप लहान असेल तर तरंग तिला वळसा घालून जातात आणि परतणारी तीव्रता वारंवारितेच्या चौथ्या घातानुसार घसरते, म्हणजे वारंवारिता निम्मी केली की सोळावा हिस्सा. वटवाघूळ ५० किलोहर्ट्झला ओरडतं असं धरा. मिलिमीटरभर कणासाठी माणसाच्या 'टक्'च्या तुलनेत वटवाघळाच्या आवाजाचा वाटा ढोबळमानाने ७७ हजार पट जास्त परततो. म्हणून त्याला अंधारात किडा सापडतो. आपल्याला खांब, मोटार, झाड, दाराची फट सापडेल. हवेतून येणारा सुरा नाही सापडणार, समोरच्याच्या चेहऱ्यावरचं हसूही नाही. पहिल्या सीझनमध्ये मॅट आपल्याला जग कसं दिसतं ते सांगतो तेव्हा सगळं पेटल्यासारखं लालसर दाखवलंय आणि त्यात समोरच्या बाईचा चेहरा ओळखू येतो. दृश्य म्हणून सुंदर, भौतिकशास्त्र म्हणून नापास.

पहिल्या सीझनमधल्या कॉरिडॉरच्या त्या गाजलेल्या मारामारीला मात्र मी पास करेन. तिथे 'टक्' लागतच नाही. गुंड स्वतःच धापा टाकतात, ओरडतात, बूट आपटतात. दोन कानांत आवाज पोचायच्या वेळेतला १० मायक्रोसेकंदांचा फरकही मेंदूला कळतो, आणि समोरचा आवाज एखाद्या अंशाच्या अचूकतेने हेरता येतो. तुम्हाआम्हालासुद्धा.

हृदयाच्या ठोक्यांवरून खोटं पकडणं हा त्याचा लाडका डाव. ठोक्यांचा आवाज मुख्यतः २० ते १५० हर्ट्झमध्ये असतो आणि ५० हर्ट्झ ऐकायला कानाला मघाच्या २० मायक्रोपास्कलच्या शंभरपटीहून जास्त दाब लागतो. खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसून तो ऐकणं अशक्य. ऐकला तरी काय? ठोके भीतीने वाढतात, आणि कोर्टात खरं बोलणाऱ्यालाही घाम फुटतो. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या सेल्वी खटल्यात संमतीशिवाय पॉलिग्राफ, म्हणजे ठोके-श्वास मोजून खोटं पकडायची चाचणी करता येणार नाही असं सांगितलं आहे. मर्डॉक वकील आहे, त्याला हे पटायला हवं.

याच संदर्भात एका दुकानदारीबद्दल बोलायलाच हवं. 'मिडब्रेन ॲक्टिव्हेशन'चे वर्ग आपल्याकडे गावोगावी निघाले. हजारो रुपये घ्यायचे, मुलांना संगीत ऐकवायचं आणि मग डोळ्यांवर पट्टी बांधून ती पुस्तक वाचतात, नोटेचा नंबर सांगतात असं पालकांना दाखवायचं. मध्यमेंदू निष्क्रिय असता तर मूल शुद्धीवरच नसतं, तेव्हा तो 'चालू' कसला करणार? गंमत अशी की कानाकडून येणारे संदेश खरोखरच मध्यमेंदूतून जातात, पण शाईचा रंग आणि छापील अक्षर ध्वनीत उमटतच नाही. मूल नाकाच्या कडेच्या फटीतून खाली बघत असतं. पुस्तक कपाळाच्या वर धरायला सांगा, वाचन थांबतं. पोराला दोष देऊ नका. खोटं बोलायला त्याला मोठ्यांनी शिकवलंय.

खरं शिक्षण कसं दिसतं तेही बघा. २०२१ मध्ये थेलर यांच्या गटाने १२ अंध आणि १४ डोळस व्यक्तींना १० आठवडे 'टक्' शिकवलं. वयं २१ ते ७९. वस्तूचा लहानमोठेपणा आणि ती कशी वळवून ठेवली आहे ते ओळखणं, आभासी वाटेतून मार्ग काढणं, यात जवळपास सगळे सुधारले, वय आड आलं नाही. तीन महिन्यांनी विचारलं तेव्हा १२ पैकी १० अंध व्यक्तींनी आपलं स्वावलंबन वाढल्याचं सांगितलं. नोटेचा नंबर वाचून दाखवला नाही कोणी.

मालिकेत मॅटची पांढरी काठी हे निव्वळ सोंग आहे, लोकांना संशय येऊ नये म्हणून. इथे मात्र मालिका अंध प्रेक्षकांची दिशाभूल करते. (त्यांच्यासाठी दृश्यांचं वर्णन करणारा ध्वनिपट नेटफ्लिक्सने पहिल्यांदा दिला तो याच मालिकेला, तोही ती प्रदर्शित झाल्यावर चार दिवसांनी.) किशसारखा कसलेला माणूसही लांब काठी घेऊनच निघतो. भिंत, खांब, झाडाची खाली आलेली फांदी आवाज परत पाठवतात. उघडं गटार आणि फुटपाथची संपलेली कड काहीच परत पाठवत नाहीत. तिथे काठीचं टोकच आधी पोचावं लागतं.