चर्चचा जमाखर्च

चर्चकडे येणारे दान, वर्गणी, भाडे व व्याज यांची नोंद ठेवणे, ती रक्कम ज्या हेतूने आली त्याच कामी लावणे आणि त्याचा हिशेब मंडळीपुढे (चर्चच्या सभासदांपुढे) व शासनापुढे मांडणे, याला चर्चचा जमाखर्च म्हणतात. इथे नफ्याचा प्रश्न नसतो. दात्याची इच्छा पाळली गेली की नाही, हे वहीतून दिसावे लागते.

या कामाचा आधार बायबलमध्येच सापडतो. यरुशलेमच्या गरिबांसाठी गोळा झालेली वर्गणी प्रेषित पौल एकट्याने हाताळत नाही. कोणी दोष लावू नये म्हणून तो आपला सहकारी तीत याच्याबरोबर मंडळ्यांनी निवडलेला बंधूही पाठवतो (२ करिंथ ८). उपासनेनंतर दानपेटी दोघा-तिघांनी मिळून उघडावी, रक्कम मोजून सह्या कराव्यात आणि पैसे शक्य तितक्या लवकर बँकेत भरावेत, हा आजचा रिवाज त्याच विचाराचा आहे. मोजलेल्या रोकडीतूनच परस्पर खर्च भागवण्याची सवय मात्र घातक ठरते, कारण मग रोजकीर्द (रोजच्या जमाखर्चाची वही) आणि बँकेचे पासबुक कधीच जुळत नाही. सुगीच्या सणाला आलेले धान्य, भाजीपाला, कोंबड्या यांचा अनेक ठिकाणी लिलाव होतो. तेव्हा जमेला लिलावात आलेली रक्कम धरतात.

खरी कसोटी लागते ती राखीव निधीत, म्हणजे ठरावीक कामासाठीच दिलेल्या पैशात. छपरासाठी आलेल्या पैशातून वीजबिल भरले, तर पैसा चर्चच्याच कामी लागला तरी दात्याचा विश्वास मोडतो. म्हणून इमारत, गरीब साहाय्य, संडे स्कूल यांची खतावणीत (खातेवार नोंदींच्या वहीत) वेगळी खाती हवीत, बँक खाते एकच असले तरीही. कॅथलिक चर्चमध्ये ऑक्टोबरातल्या मिशन रविवारची वर्गणी धर्मग्रामाची (स्थानिक चर्चची) नसते. ती पुढे धर्मप्रांताकडे (बिशपच्या कार्यालयाकडे) पाठवायची असल्याने उत्पन्नात न धरता देणे म्हणून दाखवणे योग्य. मिस्सादानाची, म्हणजे विशिष्ट हेतूने मिस्सा (उपासना) अर्पण करण्यासाठी दिलेल्या दानाचीही स्वतंत्र वही असते.

कॅथलिक चर्चच्या १९८३च्या कॅनन लॉने (चर्चच्या अंतर्गत कायद्याने) प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती बंधनकारक केली आहे (कलम ५३७). विशिष्ट कारणासाठी दिलेले दान त्याच कारणासाठी वापरावे, असे कलम १२६७ सांगते. प्रोटेस्टंट मंडळ्यांत हिशेबाची जबाबदारी सहसा पाळकाऐवजी निवडलेल्या खजिनदाराकडे असते, तर स्थावर मालमत्ता पुष्कळदा वेगळ्या विश्वस्त संस्थेच्या नावावर असते.

महाराष्ट्रात सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० चर्चलाही लागू आहे. त्यानुसार नोंदणी करावी लागते, दरवर्षी हिशेब पूर्ण करून लेखापरीक्षण करून घ्यावे लागते. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत तसे कळवावे लागते. कलम ३६ सर्वांत महत्त्वाचे: धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वमंजुरीवाचून चर्चची जमीन वा इमारत विकता येत नाही, तसेच शेतजमीन १० वर्षांहून आणि इतर जागा ३ वर्षांहून अधिक काळ भाडेपट्ट्याने देता येत नाही. शहरांतल्या जुन्या मिशन आवारांच्या किमती पाहता हे बंधन मंडळीच्या हिताचेच आहे.

परदेशातून देणगी घ्यायची असल्यास २०१०च्या परकीय अंशदान कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. २०२०च्या दुरुस्तीपासून असा पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच यावा लागतो आणि तो दुसऱ्या संस्थेला वर्ग करता येत नाही. स्थानिक दानात तो मिसळणेही वर्ज्य असल्याने त्याची वही पहिल्या पानापासून वेगळी लिहितात.