सायटोलॉजीसाठी सकाळची पहिली लघवी आणू नका

लघवीच्या रूटीन तपासणीला सकाळची पहिली लघवी लागते, हे आता सगळ्यांना पाठ झालंय. घोटाळा तिथेच होतो. डॉक्टरांनी चिठ्ठीवर 'युरिन सायटोलॉजी' लिहिलेलं असतं. घरची मंडळी पहाटे उठून काळजीने डबी भरतात, लॅब उघडायच्या आधी येऊन उभी राहतात आणि आम्ही डबी परत करतो. राग येणं साहजिक आहे, कारण बहुतेक वेळा पेशंट वयस्कर असतो आणि त्याला पुन्हा हेलपाटा पडतो. आम्ही असं का करतो, ते एकदा नीट सांगतो.

सायटोलॉजीत आम्ही साखर किंवा जंतू शोधत नाही. मूत्राशयाच्या आतल्या अस्तरावरून गळून आलेल्या पेशी स्लाइडवर घेतो, त्यांना रंग देतो आणि त्यांत कर्करोगाच्या पेशी आहेत का, ते मायक्रोस्कोपखाली एकेक करून बघतो. ज्यांच्या नावाने गर्भाशयमुखाची 'पॅप' तपासणी ओळखली जाते, त्या पापानिकोलाउ यांनी 1945 साली व्हिक्टर मार्शल यांच्यासोबत लघवीतल्या पेशींवरून कर्करोग ओळखण्याविषयी लिहिलं. पापानिकोलाउ यांच्या नावाचा तो रंग आम्ही आजही वापरतो.

रात्रभर साठलेल्या लघवीत या पेशी सहा-सात तास भिजत पडतात. त्या फुगतात, त्यांच्या कडा फाटतात, केंद्रक पुसट होतं. आणि आम्हाला बघायचं असतं ते केंद्रकच. वेगाने वाढणाऱ्या कर्करोगाच्या पेशीत ते मोठं, गडद, वेड्यावाकड्या कडेचं असतं, पेशीचा बराचसा भाग त्यानेच भरलेला असतो. खराब झालेल्या पेशीत हे ठामपणे सांगता येत नाही. मग रिपोर्टवर 'संशयास्पद' असं काहीतरी लिहावं लागतं आणि त्या एका शब्दाने घरातल्या कुणाला झोप लागत नाही. त्यापेक्षा डबी परत केलेली बरी, असं आमचं मत आहे.

म्हणून उठल्यावर पहिली लघवी करून टाका. नेहमीसारखं पाणी प्या, जमेल तेवढं चाला-फिरा आणि त्यानंतरची लघवी द्या. किमान 30 मिली हवी, 50 मिळाली तर उत्तम. लॅबमध्ये येऊन दिलीत तर सगळ्यात चांगलं. घरून आणणार असाल तर तासाभरात पोचवा. उशीर होणार असेल तर डबी फ्रीजमध्ये ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नको. धुतलेली औषधाची बाटली चालत नाही, आमच्याकडून डबी आदल्या दिवशी घेऊन जा. डबीच्या तळाशी द्रव असेल तर तो ओतून टाकू नका, पेशी टिकाव्यात म्हणूनच तो घातलेला असतो.

डॉक्टरांनी तीन दिवसांचे नमुने सांगितले असतील, तर तीन दिवस रोज एक ताजी डबी द्यायची. तिन्ही साठवून शेवटच्या दिवशी एकदम आणू नका. पेशी काही रोज सारख्या गळत नाहीत, म्हणून तीनदा बघायचं. बिल वाढवायला आम्ही तीन डब्या मागतो, असं काहींना वाटतं. तसं नाही, डॉक्टरांनी एकच नमुना लिहिला असेल तर आम्ही एकच घेतो.

याहून मोठी चूक लॅबमध्ये यायच्या आधीच होते आणि ती आम्हाला फार लागते. एकदा लघवी लाल झाली, दुखलं नाही, दुसऱ्या दिवशी साफ झाली. उष्णता झाली असेल म्हणून विषय संपतो. मूत्राशयाच्या कर्करोगात रक्त असंच जातं, न दुखता आणि मध्येच थांबून. थांबलं म्हणजे बरं झालं असं नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असली तरी तिच्यावर ढकलू नका, तपासणी करून घ्या. बायकांच्या बाबतीत तर 'इन्फेक्शन' म्हणून पुन्हा पुन्हा गोळ्या दिल्या जातात. कल्चरमध्ये, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून बघण्याच्या तपासणीत, जंतू नाहीत आणि लघवीत रक्तपेशी मात्र दिसताहेत, असा रिपोर्ट आला तर तो घेऊन युरॉलॉजिस्टकडे, म्हणजे मूत्रविकारांच्या डॉक्टरांकडे जा.

सायटोलॉजी निगेटिव्ह आली म्हणजे कॅन्सर नाही, असंही समजू नका. हळू वाढणाऱ्या गाठीच्या पेशी निरोगी पेशींसारख्याच दिसतात आणि आमच्या नजरेतून सुटू शकतात. मूत्राशयात दुर्बीण घालून बघणं, म्हणजे सिस्टोस्कोपी, याला पर्याय नाही. गाठ दिसली तर ती मूत्रमार्गातूनच खरवडून काढतात आणि बायोप्सीला पाठवतात. त्या तुकड्यात स्नायूचा भाग आलाय का, हे आम्ही आवर्जून लिहितो, कारण गाठ स्नायूत शिरली आहे की नाही यावर पुढचे सगळे उपचार ठरतात. सुमारे तीन चतुर्थांश रुग्णांत ती निदानाच्या वेळी स्नायूपर्यंत पोचलेली नसते. अशांना गाठ काढल्यावर गरजेप्रमाणे मूत्राशयात औषध किंवा बीसीजी सोडतात, बीसीजी सुरुवातीला आठवड्यातून एकदा, सहा आठवडे. हो, क्षयाच्या लशीतली तीच बीसीजी. गाठ स्नायूत शिरली असेल तर केमोथेरपी देऊन मूत्राशय काढणं, किंवा निवडक रुग्णांत मूत्राशय राखून केमो आणि रेडिएशन, असे मार्ग असतात. गाठ परत येण्याचं प्रमाण मोठं आहे, म्हणून बरं वाटलं तरी दुर्बिणीच्या तारखा चुकवू नका.

कारण विचाराल तर सगळ्यात मोठं तंबाखूचा धूर. सुमारे निम्मे रुग्ण त्यामुळे होतात. धुरातली रसायनं रक्तातून मूत्रपिंडात आणि तिथून लघवीत येतात, मग तासन्‌तास मूत्राशयाच्या अस्तराला लागून राहतात. रंगांच्या कारखान्यातल्या कामगारांना हा आजार होतो, हे लुडविग रेन या जर्मन सर्जनने 1895 मध्येच दाखवून दिलं होतं. म्हणून आमच्या फॉर्मवर धूम्रपान आणि जुना कामधंदा विचारलेला असतो. नोकरी सुटून वीस वर्षं झाली असली तरी लिहा.

त्याच फॉर्मवर मुतखडा, कॅथेटर, पूर्वीचं रेडिएशन किंवा बीसीजी यांतलं काही असेल तर तेही तारखेसह भरा. या सगळ्यांनी पेशींचं रूप बदलतं आणि माहीत नसेल तर निरोगी पेशीवरही संशय येतो. शंका असलेली प्रत्येक स्लाइड आमच्याकडे दुसरे पॅथॉलॉजिस्टही बघतात, त्यामुळे रिपोर्टला रूटीनपेक्षा जास्त वेळ लागतो. स्लाइड आम्ही जपून ठेवतो. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं असेल तर मागून न्या.