पूरक आहार व वनौषधींबाबत औषध दुकानातील सल्ला

डॉक्टरांच्या चिठ्ठीतील औषधे चालू असताना चूर्ण, काढा, आसव, जीवनसत्त्वाच्या गोळ्या किंवा प्रथिनांची पावडर घ्यावी का, किती आणि कोणत्या वेळी, हे वस्तीतील औषध दुकानाच्या नोंदणीकृत फार्मासिस्टला विचारून घेण्याची पद्धत. महाराष्ट्रात अशा दुकानाला सर्रास ‘मेडिकल’ म्हणतात. चिठ्ठीतल्या गोळ्या आणि चिठ्ठीशिवाय घेतलेला डबा या दोन्ही गोष्टी एकाच वेळी ज्याच्या नजरेस पडतात असा बहुधा हा एकच जाणकार असतो. म्हणूनच त्याचा सल्ला मोलाचा ठरतो.

अडचण सुरू होते ती प्रश्नापासूनच. “औषध कुठलं चालू आहे?” असे विचारले की मधुमेहाची गोळी सांगितली जाते, मेथीची पूड किंवा कारल्याचा रस सांगितला जात नाही, कारण घरात त्याला कुणी औषध म्हणतच नाही. “काकू, घरचं, झाडपाल्याचं, ताकदीचं काही घेता का?” असे विचारले की मग पिशवीतून डबी बाहेर येते. मेथी व कारल्याने साखर आणखी खाली जाऊ शकते; गोळीचा डोस तोच राहिला तर घाम फुटून, हातपाय थरथरून चक्कर येण्याची वेळ येते.

सर्वांत जास्त घोळ वेळांचा होतो. थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी घ्यायची असते. तिच्याबरोबरच कॅल्शियम किंवा लोहाची गोळी घेतली तर थायरॉइडची गोळी नीट शोषली जात नाही. दोन्हींत सुमारे चार तासांचे अंतर हवे. टेट्रासायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकांनाही कॅल्शियम व लोह अडवतात. इसबगोलही इतर गोळ्यांच्या वेळेपासून दूर ठेवावा. यासाठी कुठलीच वस्तू बंद करावी लागत नाही, पाकिटावर पेनाने वेळ लिहून दिली तरी काम भागते. या सल्ल्याचा खरा उपयोग अशा साध्या गोष्टींतच आहे.

काही जोड्या मात्र टाळायलाच हव्यात. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरीनबरोबर लसूण किंवा जिंको या परदेशी झाडाच्या पानांच्या अर्काच्या कॅप्सूल घेतल्यास रक्तस्रावाचा धोका वाढतो. ज्येष्ठमध जास्त दिवस, जास्त प्रमाणात घेतल्यास पोटॅशियम घटते व रक्तदाब चढतो. अश्वगंधा थायरॉइडच्या संप्रेरकांवर परिणाम करू शकते. कोरोनाच्या काळात घरोघरी गुळवेलीचे काढे झाले. त्यानंतर २०२१ मध्ये मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष दिशाभूल करणारा ठरवला आणि वनस्पतीची ओळख नीट पटवली नसल्याचा आक्षेप घेतला. वाद काहीही असो, आधीच यकृताचा आजार असलेल्याने न विचारता काढा घेऊ नये.

कायद्याच्या दृष्टीने एकाच फळीवर तीन वेगळ्या जातींचा माल असतो. ॲलोपॅथिक औषधे आणि आयुर्वेदिक औषधे दोन्ही १९४०च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली येतात, पण आयुर्वेदिक औषधे विकायला परवाना लागत नाही. पूरक आहार हे २००६च्या अन्नसुरक्षा कायद्यानुसार अन्नच आहे. २०१६च्या नियमांप्रमाणे त्याच्या वेष्टनावर तो औषधी उपयोगासाठी नसल्याची सूचना छापावी लागते. ही ओळ बारीक अक्षरांत असते आणि ‘नैसर्गिक’ हा शब्द मोठ्या, ठळक अक्षरांत. १९४८च्या फार्मसी कायद्याखाली २०१५ मध्ये आलेल्या नियमांनी रुग्णाचे समुपदेशन हे फार्मासिस्टचे कामच ठरवले. पण गर्दीच्या वेळी काउंटरवर अनेकदा नुसता विक्रेता असतो. भिंतीवर लावलेले नोंदणी प्रमाणपत्र ज्याचे आहे त्यालाच विचारावे, आणि गरोदरपण, मूत्रपिंडाचा विकार किंवा ठरलेली शस्त्रक्रिया असेल तर तेही आपणहून सांगावे. अशा वेळी चांगला फार्मासिस्ट स्वतः निर्णय न देता डॉक्टरांकडे किंवा वैद्यांकडे पाठवतो.

काही घेतल्यावर अंगावर पुरळ उठले, डोळे पिवळे झाले किंवा लघवी गडद होऊ लागली तर ती वस्तू थांबवून लगेच डॉक्टरांना दाखवावे. बाटली टाकून देऊ नये. तिच्यावरचा बॅच क्रमांक पुढे लागतो. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद भारतीय औषध दक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर रुग्ण स्वतःही करू शकतो.