व्हायरल ताप, म्हातारपण आणि मेलाटोनिन

पावसाळा ऐन भरात आला की पुण्यात घरटी एकजण तरी खोकत असतो. फ्लूचा जोर आपल्याकडे जुलै ते सप्टेंबर असतो. सारसबागेत सकाळी फिरायला येणाऱ्या ज्येष्ठांच्या गप्पांत काढा आणि हळदीच्या दुधाबरोबर हल्ली मेलाटोनिनचंही नाव निघतं. झोपही लागते आणि प्रतिकारशक्तीही वाढते, असा एकंदर सूर. त्यात तथ्य आहे, पण थोडंच.

येल विद्यापीठातले त्वचारोगतज्ज्ञ ॲरन लर्नर यांनी १९५८ मध्ये गुरांच्या पिनियल ग्रंथींमधून हे संप्रेरक वेगळं काढलं. ते त्वचेच्या रंगामागचं रसायन शोधत होते, झोप त्यांच्या गावीही नव्हती. मेंदूत खोलवर असलेली ही इवलीशी ग्रंथी अंधार पडला की मेलाटोनिन सोडू लागते. मध्यरात्रीनंतर, साधारण दोन ते चारच्या सुमारास ते रक्तात सर्वाधिक असतं. डोळ्यांवर उजेड पडला की, विशेषतः निळसर उजेड, त्याचं प्रमाण घटतं. वयाबरोबर हा रात्रीचा चढ बसका होत जातो. त्यात रक्तदाबासाठी ॲटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल चालू असेल तर तो आणखी कमी होतो. ही औषधं घेणारे आजी-आजोबा आपल्याकडे घरोघरी आहेत, पण झोप उडाल्याचा दोष बिचाऱ्या संध्याकाळच्या चहाला जातो.

आता विषाणूकडे वळू. विषाणूवरचं औषध तपासायचं तर आधी तो प्रयोगशाळेत वाढवावा लागतो. करोनाच्या बाबतीत भारतात हे काम मार्च २०२० मध्ये आपल्या पुण्यातल्याच एनआयव्हीत, म्हणजे राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेत झालं. मेलाटोनिनची गंमत अशी, की विषाणूला थेट मारणं हा त्याचा मुख्य दावाच नाही. त्याचं लक्ष आपल्या शरीराच्या प्रतिक्रियेवर आहे. म्हातारपणी अंगात बारीकशी सूज कायम धुमसत असते. संसर्ग झाला की प्रतिकारशक्ती आधी उशिरा जागी होते आणि मग उंदरासाठी घर जाळावं तशी सुटते. फुप्फुसांचं बरंचसं नुकसान या भडक्यात होतं. पेशींमध्ये एनएलआरपी३ नावाची एक यंत्रणा आहे, ती चेतली की दाह पसरवणारी रसायनं बाहेर पडतात. मेलाटोनिन तिला आवर घालतं आणि पेशींना जाळणाऱ्या ऑक्सिजनच्या आक्रमक रूपांनाही निष्प्रभ करतं. हे प्राण्यांत आणि पेशींवर वारंवार दिसलं आहे.

माणसांत मात्र चित्र विरळ आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांना करोना झाला, तेव्हा डॉक्टरांनी जाहीर केलेल्या औषधांत मेलाटोनिन होतं. नाव गाजलं ते तिथून. पुढे इराण-इराकमध्ये चाचण्या झाल्या, काहींत रुग्णांना फायदा दिसला, पण त्या सगळ्या लहान होत्या. करोनात उपयोगी ठरलेल्या डेक्सामिथासोन या स्टेरॉइडसारखी हजारो रुग्णांची कसोटी मेलाटोनिनने दिलेली नाही. माझ्या मते मोठी चाचणी व्हायलाच हवी. रेणू स्वस्त आहे, त्याचं पेटंट कुणाकडे नाही, आणि बहुधा त्यामुळेच त्यावर पैसा लावायला कुणी पुढे येत नाही. ऑस्ट्रेलियात अतिदक्षता विभागातल्या सुमारे ८५० रुग्णांना रात्री ४ मिलिग्रॅम मेलाटोनिन किंवा औषध नसलेली नुसती गोळी देऊन पाहिलं. भ्रम होण्याचं प्रमाण कमी होईल ही आशा होती. २०२२ मध्ये निकाल आला, फरक पडला नव्हता.

झोपेचं महत्त्व त्याने उणावत नाही. २०१५ च्या एका अमेरिकी प्रयोगात १६४ निरोगी स्वयंसेवकांच्या नाकात सर्दीचा विषाणू सोडला होता. सहा तासांहून कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता सात तासांहून जास्त झोपणाऱ्यांच्या चौपट निघाली. म्हणजे दर वर्षीची फ्लूची लस घ्यावी, रात्री मोबाइल बाजूला ठेवावा, सकाळी उन्हात बसावं. हे गोळीआधी.

गोळी द्यायचीच झाली तर डॉक्टरांना विचारूनच. रक्त पातळ करणारं वॉरफरिन चालू असेल तर रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो, रात्री बाथरूमला उठताना तोल जाऊ शकतो. परदेशातून मागवलेल्या गमीजचा, म्हणजे चघळायच्या गोळ्यांचा, तर भरवसाच नाही. २०२३ मध्ये अमेरिकेत २५ उत्पादनं तपासली, तर २२ उत्पादनांच्या लेबलवरचा आकडा चुकीचा होता. एकात लिहिलेल्याच्या साडेतीनपट मेलाटोनिन होतं.

आणखी एक अडचण आहे. सत्तरीपुढच्या माणसाला संसर्ग गंभीर झाला तरी अनेकदा ताप फारसा चढत नाही. तो नुसता पेंगतो, असंबद्ध बोलतो, जेवण टाळतो. अशा वेळी रात्री घरच्या घरी मेलाटोनिन दिलेलं असेल, तर सकाळची गुंगी गोळीची की न्यूमोनियाची, हे घरच्यांना कळणार कसं?