शार्कलाही कर्करोग होतो

नागपुरात खर्र्यामुळे (तंबाखू-सुपारीच्या मिश्रणामुळे) मुखकर्करोग झालेला माणूस ओळखीत नाही असे घर विरळाच, म्हणून ‘शार्कला कर्करोग होत नाही, तेव्हा शार्कच्या कूर्चेच्या (हाडाऐवजी असणाऱ्या लवचिक ऊतीच्या) गोळ्या घ्या’ हा संदेश रुग्णांच्या नातेवाइकांत फिरतो तेव्हा तो नीट तपासणे गरजेचे ठरते.

हा दावा चुकीचा आहे. शार्क आणि त्यांच्या जवळच्या माशांमधील गाठींची नोंद २००४ मध्ये एकत्रितपणे प्रसिद्ध झाली आणि त्यांतील काही गाठी कर्करोगाच्याच होत्या. ग्रेट व्हाइट शार्कच्या जबड्यावरील मोठ्या गाठीचे वर्णन २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियातून आले. गोळ्यांचे म्हणाल, तर कूर्चेपासून काढलेले औषध फुप्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णांना देऊन पाहिले असता त्यांचे आयुष्य वाढले नाही, असे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आढळले.

कर्करोगाला खरोखर दाद न देणारा प्राणी शोधायचाच असेल, तर पूर्व आफ्रिकेत जमिनीखाली राहणारा, जवळजवळ केस नसलेला नेकेड मोल रॅट हा उंदरासारखा कुरतडणारा प्राणी शार्कपेक्षा कितीतरी बोलका आहे, कारण घरातला उंदीर जेमतेम तीन वर्षे जगतो, तर तेवढ्याच आकाराचा हा प्राणी तीस वर्षांहून अधिक जगतो आणि तरीही त्याला कर्करोग क्वचितच होतो. त्याच्या ऊतींमधील हायलुरोनन या पदार्थाचे रेणू फार लांब असतात आणि त्यामुळे पेशींची दाटी वाढू लागताच पेशींची वाढ थांबते, असे संशोधकांनी २०१३ मध्ये मांडले. तरीही २०१६ मध्ये प्राणिसंग्रहालयातील दोन नेकेड मोल रॅटना कर्करोग झाल्याची नोंद झाली. दुर्मीळ असणे म्हणजे अशक्य असणे नव्हे, आणि उपचार थांबवून या गोळ्यांवर विसंबणे रुग्णासाठी घातक आहे.